मागच्या पानावरचा हिशेब

वही माझी, सहावीची, भूगोलाची.
पुढून नद्या, मागून इंजिन.
बाबा बोलायचे, मी लिहायची,
कारण त्यांचे हात तेलाचे.

कारा-केचेच्या खाणीतून कोळसा भरून उतरताना
चौथ्या वळणावर कामाझनं निळा धूर सोडला,
मग काळा, मग काहीच नाही.
तसं ते पहिल्यापासून नमनालाच घडाभर तेल पिणारं.
आई म्हणायची, या घरात साखरसुद्धा मोजून पडते
आणि हा बघा.

केबिन पुढे झुकवून आठ हेड उघडली.
एकेका सिलिंडरला एकेक,
आणि आठ वेळा बाबा काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, लिही.
पिस्टन-लायनर, आठ जोड, रशियन, चाळीस हजार सोम.
खोड.
चिनी. अठ्ठावीस.
बेअरिंगं, मेनची आणि रॉडची.
गॅस्केटचा एक संच, वर तीन सुटी,
दोन तरी बसवताना फाटतात.
डिझेल पंप बालिक्चीच्या गेनादीकडे,
त्यानं पैसे सांगितलेच नाहीत, मेंढा सांगितला.
मेंढा हजारात लिहू?
नगात लिही.

क्रँक घासायला बिश्केकला नेला,
काकांच्या जुनाट ऑडीत, मागच्या सीटवर,
घोंगडीत गुंडाळून,
माझ्या आणि उलारदादाच्या मधोमध.
प्रत्येक चढाला तो माझ्या अंगावर रेलायचा
झोपलेल्या पाहुण्यासारखा.

लेथवर रिम्मा पाक, कोरियन म्हातारी.
मायक्रोमीटर लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला.
तिसरी घासणी ही, म्हणाली. अजून एक निघेल.
मग याला माप उरत नाही.
एका घासणीत जातं तरी किती, बाबांनी विचारलं.
तिनं आपला एक केस उपटून तळहातावर ठेवला.
असे तीन-चार, एकावर एक.
केस पांढरा होता.
मी लिहिलं: घासणी, सहा हजार पाचशे.

एकूण एक लाख बेचाळीस हजार, आणि एक मेंढा.
घोडं पेंड खाल्लं ते इथे.
खरंच घोडं. आमची बदामी घोडी, सात वर्षांची, गाभण.
रविवारच्या बाजारात गिऱ्हाइकानं तिचे दात पाहिले
तेव्हा बाबा दुसऱ्याच कोणाच्या तरी गाईकडे बघत होते.
ऐंशी हजार, गाभण म्हणून वर दहा.
म्होरकी तेवढी परत आणली, ती विकत नाहीत.
शिंगराचे दहा मी वेगळे मांडले होते,
बाबांनी एकत्र करायला लावले.

राहिले बावन्न.
त्यांच्यापुढे वहीत नुसतं लिहिलंय: उलार.
येकातेरिनबर्गच्या गोदामात, रात्रपाळी, तीन महिने.
नंतर सहा झाले. नंतर मी मोजणं सोडलं.
हा ट्रक पुढे त्यानंच चालवायचा,
म्हणून तर बाबांनी भंगारात घातला नव्हता.

मार्चमध्ये इंजिन चढवलं.
गेनादी मेंढ्याची पाठ चाचपून गेला, खूश होता.
पहिल्या चावीला खोकलं, दुसऱ्या चावीला थुंकलं,
तिसऱ्या चावीला आई घरातून पळत बाहेर आली,
हाताला पीठ.

बाबांनी दादाला फोन लावला
आणि फोन इंजिनावर धरला.
तिकडे बराच वेळ काही नाही.
मग दादा म्हणाला, डावीकडून तिसरं,
व्हॉल्व्ह ढिला आहे, टकटक येतेय.
बाबांना ती ऐकू येत नव्हती. मलाही नाही.
नीट ऐक, बाबा म्हणाले, आणि रेस वाढवली.
येतेय, तो म्हणाला.
पुन्हा ऐक.
ऐकतोय.
अजून एकदा,
आणि इंजिन चालूच ठेवलं,
डिझेल साठ सोम लिटर असताना.